पेकानच्या ट्रेला पाणी का सुटतं? सोलापूरच्या उन्हाळ्यात थर उभे ठेवायचे तर काय काय तपासायचं

"अक्का, कापायला गेले आणि सगळं वाहून गेलं." मार्च ते जूनमध्ये असा फोन आठवड्याला एखादा तरी येतोच. सोबत फोटो असतो. काचेचा ट्रे, कोपऱ्यात साचलेलं पिवळसर पाणी आणि मधोमध कस्टर्ड, चक्का, क्रीम यांचा झालेला गिलावा. गेली नऊ वर्षं मी पेकानचा हा थरांचा गोड ट्रे भिशीला, बारशाला, डोहाळजेवणाला करते. पहिली दोन वर्षं माझाही असाच वाहायचा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तळाला मैदा, लोणी आणि पेकानचा (अक्रोडाच्या कुळातला तिकडचा सुकामेवा) भाजलेला खुसखुशीत थर. त्यावर क्रीम चीज (आपल्याकडे बहुधा चक्का), पिठीसाखर आणि फेटलेलं क्रीम. त्यावर घट्ट कस्टर्ड किंवा पुडिंग. सगळ्यात वर पुन्हा क्रीम आणि पेकानचे तुकडे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि बर्फीसारखे चौकोन कापायचे. माझी नणंद टेक्सासला असते, तिच्याकडून मला हे मिळालं. पेकान हे तिथलं १९१९ पासूनचं राज्यवृक्ष, त्यामुळे चार माणसं जमली की तिकडे पेकानचं काहीतरी असतंच. आपल्याकडे हुरडा पार्टीत शेंगाचटणी असते, तसं.

तिच्या कृतीत चूक काही नाही. फक्त ती एसी लावलेल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, हाच ट्रे कुणाच्याही हातून जमतो. म्हणून बिघडला की लगेच साहित्य बदलू नका, जिलेटिन आणायला धावू नका. आधी दोनच गोष्टी शोधा: पाणी कुठून आलं आणि ऊब कुठून आली. आजवर मी सोडवलेल्या तक्रारींपैकी जवळपास सगळ्या या दोनपैकी एकीत निघाल्या.

लक्षणं: तुमचं नेमकं काय बिघडलंय?

फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच विचारते, कारण "बिघडलं" या एका शब्दात पाच-सहा वेगळे आजार असतात.

कोपऱ्यात पाणी साचलंय, पण थर उभे आहेत: बहुधा चक्का किंवा झाकणाची वाफ.
काप घेताना मधला थर बाजूने बाहेर येतो: कस्टर्ड कच्चं राहिलंय किंवा फ्रिज पुरेसा गार नाही.
रात्री घट्ट होतं, सकाळी पातळ झालं: याचं कारण ऐकून लोक हसतात. खाली सांगते.
वरचं क्रीम रवाळ दिसतं, किंवा फेटूनही पातळच राहतं: क्रीमचं तापमान किंवा त्यातलं फॅट.
तळ ओला लगदा झालाय, किंवा उलट, सुरीने तुटत नाही इतका कडक आहे: लोणी, मळणं आणि गार होण्याचा वेळ.
सगळं देखणं आहे, पण शेवटी जिभेवर कडवट, तेलकट चव राहते: पेकान जुने आहेत.

बिनपैशाच्या तपासण्या आधी

पहिली तपासणी तोंडाने करायची. पाकिटातला एक पेकान चावून बघा. पेकानमध्ये वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल असतं, त्यामुळे तो खवट व्हायला वेळ लागत नाही, त्यात आपली हवा. परदेशातून कुणी आणलेलं पाकीट "जपून वापरू" म्हणून कपाटात वर्षभर ठेवलं असेल तर त्याची आशा सोडा. लोणी-साखरेत खवटपणा लपत नाही, भाजल्यावर उलट जास्त जाणवतो. पाकीट आलं की हवाबंद डब्यात घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवायचं.

दुसरी, चमचा. रात्री घट्ट असलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालं असेल तर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, चाखलेला चमचा परत पातेल्यात घातला होता का? लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारं एन्झाइम असतं. कॉर्नफ्लॉरवर उभ्या असलेल्या कस्टर्डला ते रातोरात सैल करतं. माझ्या जावेचा ट्रे सलग तीनदा असा पातळ झाला. चौथ्यांदा मी शेजारी उभी राहिले, तेव्हा दिसलं की गोडी बघायला ती तोच चमचा चार वेळा बुडवते. वेगळी वाटी, वेगळा चमचा. खर्च शून्य.

तिसरी, झाकण. कस्टर्ड कोमट असताना ट्रेवर झाकण किंवा फॉइल लावलं की वाफ वर जाते, गार होते आणि थेंब थेंब परत खाली पडते. भाताच्या झाकणाला पाणी धरतं तसंच. लोक चक्क्याला दोष देतात, पण पाणी वरून आलेलं असतं. कस्टर्ड निवत असताना क्लिंग फिल्म थेट त्याच्या अंगाला चिकटवा, मध्ये हवा नको. सायही धरत नाही.

चौथी, घड्याळ. सकाळी दहाला ट्रे लावून दुपारी चारच्या भिशीत कापायचा असेल तर माझ्याकडे उपाय नाही. शेवटचा थर दिल्यावर किमान आठ तास, शक्यतो अख्खी रात्र हवी. घाई म्हणून फ्रीजरमध्ये ठेवलात तर आणखी फसाल. कस्टर्डमधल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात, जाळं मोडतं आणि बाहेर काढल्यावर सगळं पाणी सुटतं. फ्रीजरमध्ये ठेवलेली कॉर्नफ्लॉरची ग्रेव्ही नंतर फुटलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजेल.

चक्का: सोलापुरातला सगळ्यात मोठा गुन्हेगार

मूळ कृतीत क्रीम चीज आहे. आता ते इथे मोठ्या दुकानांत मिळतं, पण तीस माणसांच्या ट्रेला लागणारं क्रीम चीज आणायचं म्हणजे खिशाला भोक. म्हणून बहुतेक जणी चक्का वापरतात. मीही वापरते आणि खरं सांगायचं तर त्याची आंबूस चव मला जास्त आवडते. पण क्रीम चीजमधलं पाणी कारखान्यातच बांधून ठेवलेलं असतं. चक्क्यातलं पाणी मोकळं असतं, वाट मिळाली की निघतं.

वजनावरून अंदाज घ्या. म्हशीच्या दुधाच्या एक किलो घट्ट दह्याचा चक्का चारशे ग्रॅमच्या आसपास निघायला हवा. तुमचा सहाशे भरला तर तो जास्तीचा दोनशे ग्रॅम चक्का नव्हे, उद्या ट्रेच्या कोपऱ्यात दिसणारं पाणी आहे. वजनकाटा नसेल तर चमचाभर चक्का घडी घातलेल्या सुती कापडावर ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. भोवती ओलं कडं उमटलं तर पुन्हा टांगा.

टांगायचा कुठे हाही प्रश्न आहे. खिडकीच्या गजाला किंवा नळाला टांगायची आपली सवय थंडीत ठीक, मे महिन्यात तो चार तासांत आंबट ढाण होतो. चाळणीत कापड, कापडात दही, खाली पातेलं, वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला तांब्या, आणि सगळं फ्रिजमध्ये दहा-बारा तास.

साखर शेवटी घाला. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे की साखर पडली की चक्का सैल होतो, कारण साखर पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. श्रीखंडाला ते चालतं, वाटीत बसायचं असतं. इथे त्याला वरच्या दोन थरांचं ओझं पेलायचंय. चारशे ग्रॅम चक्क्याला शंभर ग्रॅम पिठीसाखर पुरे, सोबत दोन मोठे चमचे दूध पावडर. पावडर उरलंसुरलं पाणी पिऊन घेते. आणि आंबा, अननस या थरात नको. फळ पाणी सोडतंच, आणि कच्चा अननस तर दह्यातली प्रथिनं तोडून कडवटपणा आणतो.

कस्टर्ड

अमेरिकेत इन्स्टंट पुडिंगचं पाकीट मिळतं. गार दुधात फेटलं की पाच मिनिटांत घट्ट, कारण त्यातलं स्टार्च आधीच शिजवलेलं असतं. आपली कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कच्चं कॉर्नफ्लॉर, रंग आणि वास. तिला शिजवावंच लागतं. तिकडची कृती वाचून कस्टर्ड पावडर गार दुधात फेटणाऱ्या दोघी मला भेटल्या आहेत.

दुसरी चूक प्रमाणाची. डब्यावरचं प्रमाण वाटीत ओतून फळांबरोबर खायच्या कस्टर्डचं असतं. कापायचं कस्टर्ड हवं असेल तर अर्ध्या लिटर दुधाला चाळीस ग्रॅम पावडर लागते. तिसरी चूक, चमच्याला धरलं की गॅस बंद करणं. कडेने नाही, मधोमध बुडबुडे फुटू लागले की तिथून पुढे दोन मिनिटं ढवळत शिजवा. कॉर्नफ्लॉर साठ-सत्तर अंशांपासून फुगायला लागतं, पण पूर्ण ताकद उकळीजवळच येते. कच्चं राहिलं तर रात्रीतून पाणी सोडतं, वर पिठूळ चव राहते ती वेगळीच.

मग ते गार करायचं. गरम कस्टर्ड चक्का-क्रीमवर ओतलं तर खालचा थर वितळणार. पूर्ण गार होऊन घट्ट बसलेलं ढवळून ओतलं तर त्याचं जाळं मोडणार, मग ते परत तसं बसत नाही. मधली वेळ पकडायची: बोटाला गरम लागू नये, पण चमच्यावरून जाड धारेने पडावं. त्यासाठी पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतात. पण इथे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका देत येतं! त्यात पातेलं ठेवून कस्टर्ड निवेल म्हणून मी एकदा तासभर बसले होते. माठातलं पाणी घ्या, त्यात बर्फाचे चार खडे टाका.

तळाचा थर

शेंगाचटणी उखळात कुटताना तेल सुटेपर्यंत कुटतात, तीच तिची चव. पेकान किंवा अक्रोडाच्या बाबतीत नेमकं हेच टाळायचंय. मिक्सर सलग फिरवला की तेल सुटतं, लगदा होतो, आणि भाजल्यावर तळ तुपकट आणि ढासळणारा होतो. दाणे तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सुरीने चिरा. मिक्सरच हवा असेल तर एक-एक सेकंदाचे झटके द्या.

मैदा आणि लोणी कणकेसारखं मळू नका. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं बोटांच्या टोकांनी चोळा, मुठीत दाबलं की मुटका व्हावा एवढंच. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि सुरी मोडेल असा तळ तयार होतो. एक कप मैदा, शंभर-सव्वाशे ग्रॅम लोणी, एक कप चिरलेले दाणे. १८० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड, मंद आचेवर अर्धा तास, पण मग ट्रे काचेचा नको, ॲल्युमिनियमचा घ्या.

आणि तो पूर्ण गार होऊ द्या. वरून गार लागतो, पण काचेचा तळ उलट्या हाताने बघा, तिथे ऊब अडकलेली असते. ओला लगदा झालेल्या दहापैकी सात-आठ ट्रेंचं कारण ही ऊबच निघते.

पेकान परवडत नसतील तर अक्रोड घ्या. दोन्ही एकाच कुळातले. अक्रोडाची साल तुरट असते, म्हणून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, निथळून, कोरडे भाजून घ्या. मी मधल्या मारुतीच्या बाजारातून अक्रोडाचे तुकडे आणते. अख्खे घेण्यापेक्षा स्वस्त पडतात, चिरायचेच तर आहेत. भाजलेल्या शेंगदाण्यांचा तळही छान होतो. त्याला पेकानचा ट्रे म्हणू नये एवढंच.

क्रीम: इथे थोडे पैसे लागतात

पाकिटावरचा फॅटचा आकडा वाचा. साध्या फ्रेश क्रीममध्ये तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो. ते कितीही फेटा, शिखर उभं राहत नाही, कारण हवेचे बुडबुडे धरून ठेवायला फॅटचे कण पुरत नाहीत. किमान तीस, शक्यतो पस्तीस टक्के हवं. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं व्हीप क्रीम मिळतं, ते बहुतेक वनस्पती तेलाचं असतं. उन्हाळ्यात ते दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त टिकतं. चवीला मला मेणचट लागतं, पण मे महिन्यात मी मुकाट्याने तेच वापरते.

ते आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. वितळलेलं परत गोठवलं की फुटतं आणि फेटताना रवाळ होतं. दुकानातून घरी येईपर्यंत उन्हात गाडीच्या डिकीत राहिलं असेल तरी तेच, म्हणून पिशवीत बर्फाचं पाकीट न्या. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये, आणि फेटायचं पहाटे किंवा रात्री दहानंतर. दुपारी दोन वाजता ओट्याजवळ उभं राहून फेटलेलं क्रीम मी अजून तरी जमलेलं पाहिलेलं नाही.

एवढं करूनही पातळ? मग फ्रिजकडे वळा

फ्रिजचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी चार अंश किंवा कमी हवं. आठ-नऊ दिसलं तर कृतीला बोल लावू नका.

मग दार. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज निसटली तर रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्याने पुसा, कित्येकदा चिकट मळच असतो. फ्रिज भिंतीला टेकलाय का? मागे वीतभर जागा हवी, उष्णता बाहेर टाकायला. मागची जाळी उघडी असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा. इथली उन्हाळ्यातली धूळ बघता मी वर्षातून दोनदा झाडते. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये गरम भाजीचं पातेलं, कोल्ड्रिंकच्या बारा बाटल्या आणि ट्रे एकत्र कोंबू नका. बाटल्या बर्फाच्या टबात ठेवा.

घट्ट करायला काही घालायचंच असेल तर

जिलेटिन साधारण तीस-पस्तीस अंशांना वितळतं. म्हणजे आपल्या मे महिन्यात पंख्याखाली टेबलावर ठेवलेला ट्रे परत पातळ. शिवाय ते प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी पाहुण्यांना न सांगता घालणं मला पटत नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, चाळीस अंशांच्या खाली घट्ट बसतं आणि एकदा बसलं की ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. अर्धा लिटर कस्टर्डला दोन ग्रॅम पुरे, थोड्या पाण्यात पूर्ण उकळून, गरम कस्टर्डमध्ये. जास्त झालं तर काप ठिसूळ होतो आणि वर पुन्हा पाणी सुटतं. पण चक्का ओला आणि फ्रिज कोमट ठेवून हे घालणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं.

इथे थांबा

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लगलाही हात लावू नका, मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. कॉम्प्रेसर टक् आवाज करून बंद पडतोय, किंवा सगळं स्वच्छ असूनही पेल्यातलं पाणी आठ अंशांखाली जात नाही, तर फ्रिजवाल्यालाच बोलवा. व्होल्टेज कमी आहे की गॅस गेलाय हे तो मीटर लावून सांगेल. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडू नका. नळी फुटली तर गॅस बाहेर येतो, आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

साठ-सत्तर पानांच्या वर असेल, कार्यक्रम मंगल कार्यालयात आणि तारीख एप्रिल-मेची, तर डीप फ्रिज आणि गार गाडी असलेल्या केटररला द्या. मी स्वतः चाळीसच्या वर घेत नाही.

ट्रे बाहेर किती वेळ चालेल? एरवी दोन तास, पारा बत्तीसच्या वर असेल तर एकच. लाइट गेली आणि फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला तर दूध-चक्क्याचा हा पदार्थ टाकून द्या, वास चांगला असला तरी. चाखूनसुद्धा बघू नका, लहान मुलं आणि गरोदर बाई जेवणार असतील तर मुळीच नाही.

पेकान घातलेत की अक्रोड, हे वाढताना मोठ्याने सांगा. एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. शेंगदाणा वेगळ्या कुळातला, त्याची ॲलर्जी वेगळी विचारावी लागते. खाल्ल्यावर कुणाच्या ओठांना सूज आली किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि पाहुणे दारात, ट्रे गार आणि ताजा आहे पण नुसता सैल आहे, असं असेल तर कापायला जाऊच नका. मोठ्या चमच्याने काचेच्या पेल्यांत भरा, तळाचा भुगा थोडा खाली, थोडा वर. पहिली दोन वर्षं मी तेच करायचे, आणि आमच्या भिशीतल्या अर्ध्या जणींना अजूनही तो पेल्यातलाच हवा असतो.